ऑरेंज अलर्ट असेल तर तारीख बदलून द्या : कोकणातल्या यजमानांना खुले पत्र

मिरज, दि. १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मालवण, तारकर्ली, देवबाग आणि एकूणच कोकण किनाऱ्यावर घरगुती निवास, खानावळ, होडी आणि प्रवासी गाडी चालवणारी सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गणपतीची गडबड आता ओसरली असेल. होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या असतील, खोल्यांना रंग लागत असेल आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी फोन यायला लागले असतील. त्या फोनवर तुम्ही आणि आम्ही जे ठरवतो, त्यावर पुढचे आठ महिने चालतात. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे. मे महिन्यात लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं गेलं असतं.

आम्ही पाच जणी एकाच शाळेतल्या. एक नर्स आहे, एक शिवणकाम करते, एकीचं किराणा दुकान आहे, एक लग्नानंतर इचलकरंजीला गेली आणि मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दहावीला तीस वर्षं झाली म्हणून तारकर्लीला जायचं ठरवलं. दोन वर्षं महिना तीनशे रुपयांची भिशी लावून पैसे जमवले. शिवणकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. तिच्यासाठी म्हणून सिंधुदुर्ग किल्ला, डॉल्फिन आणि कर्ली नदीचा संगम, सगळं होडीतून बघायचं असा बेत होता. २२ मे ते २५ मे, गुरुवार ते रविवार. दोन खोल्यांचे तीन रात्रींचे पंधरा हजार, त्यातले साडेसात हजार आगाऊ. गाडीचे चौदा हजार, त्यातले पाच हजार आगाऊ. होडीवाल्याला एक हजार.

२१ तारखेला संध्याकाळी बातम्यांत ऐकलं की अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गला ऑरेंज अलर्ट आहे. मी लगेच खोलीच्या मालकांना फोन केला. पैसे परत मागितले नाहीत. फक्त विचारलं, तारीख पुढे ढकलता येईल का? दिवाळीत येऊ, नाहीतर पुढच्या जानेवारीत. ते म्हणाले, "ताई, इथं ऊन पडलंय. बातम्यांवर काय जाता? आता रद्द केलंत तर अ‍ॅडव्हान्स मिळणार नाही आणि तारीखही बदलून देता येणार नाही." गाडीवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, तुमच्यासाठी लग्नाचं भाडं सोडलंय, आता माघार घेऊ नका.

मग आम्ही पाच जणी किराणा दुकानात, शटर अर्धं ओढून बसलो. पावसाबद्दल आम्ही जेमतेम पाच मिनिटं बोललो असू. पैशांबद्दल दीड तास बोललो. साडेबारा हजार म्हणजे माणशी अडीच हजार. आमच्यातल्या दोघींसाठी ती रक्कम छोटी नाही, आणि त्या दोघींनीच "जाऊया, काय होतंय" म्हटलं. त्यांना पैसे बुडू द्या असं सांगायची बाकी तिघींपैकी कोणाचीच हिंमत झाली नाही. मी रोज दुसऱ्यांचे पैसे मोजते. अडकलेला पैसा माणसाकडून काय करवून घेतो हे मला माहीत आहे, तरीही मी गप्प बसले. याचं मला आजही वाईट वाटतं.

राधानगरी सोडली आणि दाजीपूरच्या जंगलात पाऊस लागला. फोंडा घाटात शिरलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, पण गाडीचे दिवे लावावे लागले इतकं धुकं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर पुढे एसटी उभी दिसली. तिच्यापुढे आडवं झाड. डोंगराच्या बाजूनं लाल पाणी रस्त्यावर येत होतं आणि त्याबरोबर नारळाएवढे दगड. एसटीचे कंडक्टर छत्री घेऊन चालत आमच्यापर्यंत आले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "गाडी कड्याखाली ठेवू नका, वीस फूट मागं घ्या." आमच्या ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली. दहा-पंधरा मिनिटांनी, आधी आम्ही जिथं उभे होतो तिथं मातीचा एक लोंढा आला. फार मोठा नव्हता. पण गाडीची डावी बाजू भरली असती.

तीन तास आम्ही तिथं होतो. इचलकरंजीच्या मैत्रिणीला साखरेचा त्रास आहे. नर्स मैत्रीण तिचं मनगट धरून बसली होती आणि ठरावीक वेळानं तिला अर्धं बिस्किट देत होती. डब्यात किती बिस्किटं उरलीत हे ती मोजत होती, ते मला दिसत होतं. आपल्या घरच्यांना फोन लागत नाहीये याचा कोणीच उल्लेख केला नाही. खालच्या गावातली पोरं कोयते आणि दोरखंड घेऊन चढून आली, एसटीतले पुरुष उतरले आणि सगळ्यांनी मिळून झाड तोडून बाजूला केलं. त्या मुलांना चहापाण्याचे पैसे द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत.

रात्री साडेदहाला तारकर्लीत पोचलो. वीज नव्हती. मालक बॅटरी घेऊन समोर आले, सामान उतरवून घेतलं, पण आमच्याकडे बघून बोलेनात. त्यांच्या आईनं मात्र चुलीवर पेज ठेवली होती. ताटात गरम पेज, भाजलेला सुका बांगडा आणि कैरीचं लोणचं. आमची साखरवाली मैत्रीण जेवली आणि तिच्या चेहऱ्यावर रंग आला. त्या माउलीचे आमच्यावर उपकार आहेत आणि ते विसरून हे पत्र लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा थांबला. आम्ही किनाऱ्यावर गेलो. आमच्या होडीवाल्यांची होडी सुरूच्या झाडांपर्यंत वर ओढून बांधलेली होती, वर ताडपत्री. ते स्वतः तिथंच उकिडवे बसून दोरीच्या गाठी तपासत होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "आज होडी सोडूचंय नाय, ताई. तुमचे पैशे घेवा." बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला होता. ऑनलाइन पैसे परत पाठवायला रेंज नव्हती, म्हणून त्यांनी शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्यातून पाचशेच्या दोन नोटा. नोटा ओलसर होत्या. त्यांनी त्या एकेक करून गुडघ्यावर सरळ केल्या आणि माझ्या हातात दिल्या.

तेवढ्यात शहरातून आलेला मुलांचा एक घोळका आला. ते दुप्पट पैसे द्यायला तयार होते. आवाज चढवला, "आम्ही इतक्या लांबून आलोय," म्हणाले, एकानं तर "भित्रा" असा शब्दही वापरला. होडीवाले उठले नाहीत. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या बाजूला हात करून एवढंच म्हणाले की बावीस साली याच दिवसांत इथं काय झालं ते विचारा कोणाला तरी. मुलं गेली. मला ती बातमी आठवत होती. २४ मे २०२२ला तारकर्लीत स्कुबा करून परतणारी होडी किनारा जवळ आल्यावर उलटली आणि दोन पर्यटक दगावले. तीही माणसं सुट्टीलाच आली होती.

माझ्या मैत्रिणीनं आयुष्यातला पहिला समुद्र असा पाहिला : मातकट, वाळूवर फेस फेकणारा, आणि आवाज इतका की शेजारी उभं राहून ओरडून बोलावं लागत होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "निळा असतो ना गं एरवी?"

२४ तारखेला दुपारी तो कमी दाबाचा पट्टा, तोवर त्याची तीव्रता वाढली होती, रत्नागिरीजवळ किनारा ओलांडून आत आला. आम्ही खोलीत बसून होतो. शेजारच्या घरी वाळत घातलेली आमसुलं आजीबाईंनी चार दिवसांत कितव्यांदा तरी आत नेली होती. शेवटी त्या पायरीवर बसल्या आणि सूप मांडीवर घेऊन बुरशी आलेली आमसुलं एकेक वेगळी काढू लागल्या. वर्षाचं कोकम, सुकी मासळी, सरपण, सगळी पावसाळ्याची बेगमी मेच्या उन्हावर चालते आणि ते ऊनच मिळालं नाही. २५ तारखेला मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, २६ तारखेला तो मुंबईत होता. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे सोळा दिवस आधी. आम्ही रविवारी सकाळी निघून उजेडात घाट चढलो आणि घरी आलो. तीनही रात्रींचे पूर्ण पैसे दिले.

आता मुद्द्याचं बोलते.

मेचा शेवटचा आठवडा म्हणजे हक्काचा हंगाम, हा तुमचा आणि आमचा दोघांचाही हिशेब जुना झाला आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला आलं. २०२१ला मेच्या मध्यावर तौक्ते तुमच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हा तुमची घरं, झाडं, होड्या यांचं काय झालं ते तुम्ही भोगलं आहे, मी काय सांगणार. यंदा मान्सूनच आधी आला. अशा दिवसांत "अ‍ॅडव्हान्स परत नाही, तारीख बदल नाही" हा नियम माणसांना घाटात ढकलतो. माणूस पावसाला घाबरून घरी थांबला असता, पण पैसे बुडतील म्हणून निघतो. आमचं तसंच झालं, आणि घाटातल्या त्या रांगेत उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्यांचं तसंच असणार.

तुमची बाजू मला कळते. पतसंस्थेच्या खिडकीवर बसून मी अशी माणसं रोज बघते ज्यांचा कर्जाचा हप्ता हंगामावर अवलंबून आहे. खोली बांधायला काढलेलं कर्ज पाऊस बघून थांबत नाही. माणसं येणार म्हणून तुम्ही मासळी आणता, बर्फ आणता, मदतीला बाई सांगता. त्यात शेवटच्या क्षणी खोटी कारणं सांगून रद्द करणारे गिऱ्हाईक कमी नाहीत, आजी आजारी पडली म्हणून सांगतात आणि गोव्यात फिरतात. अशांमुळे तुम्ही नियम कडक केलात, हेही समजतं. म्हणूनच मी पूर्ण पैसे परत द्या असं मागत नाहीये.

माझं मागणं एवढंच आहे. राहण्याच्या किंवा प्रवासाच्या दिवसासाठी हवामान खात्यानं तुमच्या जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल, तर अ‍ॅडव्हान्स तुमच्याकडेच ठेवा आणि वर्षभरात कधीही यायची मुभा द्या. पैसा तुमच्या हातातून जात नाही. पुढे गर्दीच्या दिवसांत आलो आणि भाडं जास्त असेल तर वरचा फरक आम्ही भरू. आणलेली मासळी वाया गेली म्हणून त्यातला काही भाग कापलात तरी माझी तक्रार नाही, फक्त तो किती ते आधी सांगा आणि लिहून द्या.

अलर्ट हीच अट का, तर त्यावर वाद होत नाही. कोणाच्या अंगणात ऊन पडलंय आणि कोणाच्या नाही, यावर फोनवर भांडायची गरज राहत नाही. खात्याचे रंग चार : हिरवा, पिवळा, ऑरेंज, लाल. पिवळ्याचा अर्थ लक्ष ठेवा, ऑरेंजचा तयारीत राहा आणि लालचा आता हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की खातं त्याला मुसळधार म्हणतं, ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार, आणि २०४.४ च्या वर त्याहूनही वरची पायरी. पिवळ्या अलर्टला कोणी तारीख बदलून मागितली तर तुम्ही खुशाल नाही म्हणा. कोकणात भिजायला यायचं असेल तर भिजायची तयारी हवीच. पण ऑरेंजला नाही म्हणू नका. आणि एक गोष्ट यात धरा, जी माझ्याही आधी लक्षात आली नव्हती. हवामान खातं कोल्हापूर, सातारा, पुणे या जिल्ह्यांच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं. तुमच्याकडे ऊन आणि आमच्या वाटेत दरड, असं होऊ शकतं. घाटमाथ्याला ऑरेंज असेल तरीही तारीख बदलून मिळावी.

गाडीवाल्यांना वेगळं सांगते, कारण जीव तुमचाही असतो. तुम्ही लग्नाचं भाडं सोडलं होतंत हे खरं असेल. पण घाटात त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या हाताला कापरं भरलेलं मी मागच्या सीटवरून पाहिलं. तुमच्याही घरी कोणी वाट बघत होतं. तुम्ही "आज नको ताई, रविवारनंतर बघू" म्हणाला असतात, तर पाच हजार तुमच्याकडेच राहिले असते आणि आम्ही दिवाळीत तुमच्याच गाडीत बसलो असतो. घाट बंद आहे की चालू, हे निघायच्या आधी एसटीच्या डेपोत फोन करून विचारा, तिथं त्या दिवशीच घाट उतरून आलेले ड्रायव्हर भेटतात.

होडीवाल्यांना मी काय सांगणार? बावटा लागला की तुम्ही होडी सोडत नाही आणि पैसे परत करता, निदान मला भेटलेल्यांनी केले. त्या दिवशी त्यांची कमाई शून्य होती. पुढे पावसाळ्यामुळे ३१ ऑगस्टपर्यंत होडी बंदच राहणार होती, त्यामुळे त्यांच्या वर्षातले ते शेवटचेच दिवस होते, आणि तरी त्यांनी दुप्पट पैशांकडे बघितलं नाही. अशा माणसाला शिव्या देणाऱ्या पर्यटकांना किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी मिळून थांबवावं. खोलीवाल्यांनी आपल्या पाहुण्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावं की उद्या होडी नाही, भांडायला जाऊ नका.

फोनवर खरं सांगा, ही माझी दुसरी आणि शेवटची विनंती. "इथं ऊन पडलंय" हे त्या संध्याकाळी कदाचित खरंही असेल. पण समुद्राशेजारी जन्मलेल्या माणसाला वारा फिरलेला कळतो. त्या माउलीला नक्की कळला होता, कारण २१ तारखेलाच तिनं सरपण आत घेतलं होतं, तिनंच आम्हाला जेवताना सांगितलं. एकाच घरात आई सरपण आत घेते आणि मुलगा फोनवर या म्हणतो. आम्ही तुमच्या शब्दावर येतो. तिथलं आभाळ आम्हाला मिरजेतून दिसत नाही.

गावोगावी तुमच्या संघटना आहेत, बैठका होतात. हंगाम चालू व्हायच्या आधीच्या बैठकीत हा विषय घ्या. एकट्यानं नियम बदलला तर शेजारचा गिऱ्हाईक पळवील ही भीती असते, म्हणून सगळ्यांनी एकदम ठरवा आणि पावतीवर दोन ओळी छापा. मी मसुदा करून पाठवायला तयार आहे, कागदपत्रं करणं हे माझं रोजचं काम आहे.

ऑगस्टमध्ये मी आमच्या खोलीच्या मालकांना फोन केला होता. भांडले नाही. हेच सगळं शांतपणे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईशी बोलून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही, पण फोन ठेवताना त्यांनी आमच्या साखरवाल्या मैत्रिणीची तब्येत विचारली, म्हणून मला आशा आहे.

त्या होडीवाल्यांना मी एक हजार रुपये पुन्हा पाठवले आहेत, शनिवार १३ डिसेंबरसाठी. आम्ही पाच जणी येतोय. मैत्रिणीनं होडीत वाऱ्यानं केस उडू नयेत म्हणून पाच रुमाल शिवून ठेवले आहेत, सगळे निळे. शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री राहायचं आहे, खोली अजून कुठंच ठरवलेली नाही. तारीख बदलून द्यायचा नियम ज्यांना मान्य असेल त्यांनी कळवावं. पहिला फोन येईल तिथं आम्ही उतरू.

कळावे,
आपली,
मिरजेची एक पर्यटक